टॅरिफ आणि तालुक्याच्या गावातला बोर्ड गेमचा धंदा: पेटी उतरण्यापासून पार्सल रवाना होईपर्यंतचा हिशोब

टॅरिफची, म्हणजे आयातीवरच्या कराची, बातमी आली की सगळे आधी विचारतात, "किती टक्के?" गेमचा छोटा धंदा करणाऱ्यासाठी हा प्रश्न मागाहून येतो. आधी बघायचं ते असं: हा कर कोण भरणार, कधी भरणार, आणि भरलेल्यातलं परत किती मिळणार. टक्का मोठा असूनही काही माल परवडतो. टक्का छोटा असूनही पैसा तीन महिने अडकला की दिवाळीचा माल भरायला हातात काही उरत नाही.

हा लेख आर्वी, दारव्हा, वरोरा, लाखनी अशा गावांतून धंदा करणाऱ्यांसाठी आहे. काहीजण परदेशी बोर्ड गेम मागवून नागपूर-अमरावतीच्या कॉलेजांत, हॉस्टेलवर, कॅफेत विकतात. काहीजण सागवानी पट, सोंगट्या, अष्टा-चंगाचे संच गावच्या सुताराकडून करून घेऊन बाहेरदेशी पाठवतात. मी दोन्ही करतो, म्हणून दोन्ही बाजू इथे आल्या आहेत. हिशोबातल्या किमती उदाहरणादाखल आहेत, कराचे दर मात्र खरे आहेत. तरी ऑर्डर देण्याच्या दिवशी ते पुन्हा तपासायचेच.

आधी तीन टॅरिफ वेगळे करा

पहिला टॅरिफ आपल्या सरकारचा. परदेशातून गेम आणला की हे सीमाशुल्क तुम्ही भरता, माल ताब्यात घेण्याआधी.

दुसरा समोरच्या देशाचा. तुमचा पट अमेरिकेला गेला की तिथला कर कायद्यानं तिथला आयातदार भरतो, म्हणजे बहुतेक वेळा तुमचा ग्राहकच. पण दारात कुरिअरवाला उभा राहून जादा पैसे मागतो तेव्हा ग्राहक पार्सल परत पाठवतो. ते परतीचं भाडं तुमच्या खिशातून जातं. त्यामुळे कागदावर ग्राहकाचा असलेला कर फिरून तुमच्याकडेच येतो.

तिसऱ्याकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. तो दुसऱ्याच दोन देशांमधला. आजच्या छंदी (हॉबी) बोर्ड गेमचा मोठा हिस्सा चीनमध्ये बनतो. पत्ते, साच्यातल्या प्लास्टिकच्या आकृत्या, फासे, जाड पुठ्ठ्याचे तुकडे आणि पेटी हे सगळं एका छताखाली करून देणारे कारखाने तिथे आहेत. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेनं चिनी मालावरचा कर १४५ टक्क्यांपर्यंत नेला आणि १४ मे २०२५ पासून ३० टक्क्यांवर आणला. त्या मधल्या आठवड्यांत जहाजावर चढवायचा माल प्रकाशकांनी कारखान्यातच थांबवून ठेवला. स्टोनमायर गेम्ससारखी बोर्ड गेम कंपनी या करांवरून अमेरिकी सरकारविरुद्धच्या खटल्यात उतरली. आर्वीच्या दुकानदाराचा याच्याशी संबंध असा: तुम्ही अमेरिकेतल्या घाऊक विक्रेत्याकडून गेम घेत असाल तर त्यानं भरलेला कर त्याच्या किमतीत आधीच बसलेला असतो. त्यावर तुम्ही भारताचं शुल्क भरता, म्हणजे करावर कर. तोच गेम चीनच्या कारखान्यातून थेट भारताकडे निघाला, किंवा युरोपातल्या वा सिंगापूरच्या वितरकाकडून आला, तर अमेरिकेच्या कराचा त्याला स्पर्शही होत नाही.

म्हणून कोटेशन मागताना एक प्रश्न ठेवायचाच: "हा माल कोणत्या गोदामातून निघणार?" प्रकाशकाचं ऑफिस कुठे आहे हे विचारून उपयोग नाही.

पायरी १: वस्तूचा आठ अंकी नंबर पक्का करा

धंद्याचं नशीब इथेच ठरतं. सीमाशुल्काच्या यादीत प्रत्येक वस्तूला आठ अंकी नंबर असतो, आणि खेळ-खेळण्यांचं प्रकरण ९५ आहे. त्यात नंबराचे पहिले चार अंक ९५०३ म्हणजे खेळणी: बाहुल्या, तीनचाकी, सर्व प्रकारची कोडी. जिगसॉ पझलही यातच. ९५०४ म्हणजे खेळ: पत्ते, बुद्धिबळ, कॅरम, टेबलावर खेळायचे बोर्ड गेम.

९५०३ वरचं मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के. इलेक्ट्रॉनिक खेळण्यांच्या सुट्या भागांचा दर वेगळा आहे. ९५०४ मधल्या बोर्ड गेमवर २० टक्के. एकाच कारखान्यातून, एकाच कंटेनरमधून आलेल्या दोन पेट्या: एकीवर २०, दुसरीवर ७०. नंबर बरोबर पडला की नाही, यावर तुमचा नफा टिकतो.

बोर्ड, पत्ते, नियम आणि जिंकणं-हरणं असलेला पूर्ण गेम ९५०४ मध्ये बसतो, इथवर सहसा अडचण येत नाही. वाद होतो तो आकृत्यांवरून. युद्धाच्या गेममध्ये लागणारे छोटे सैनिक, राक्षस, रथ सुटे मागवले तर अधिकारी म्हणू शकतो, हे गेमचे भाग नाहीत, ही खेळणी आहेत. प्रकरण ९५ च्याच टीपेत म्हटलं आहे की जो भाग केवळ किंवा मुख्यत्वे एखाद्या वस्तूसाठीच बनवला आहे, तो त्या वस्तूबरोबर जातो. या टीपेचा आधार घ्यायचा असेल तर बिलावर "प्लास्टिक फिगर" असं मोघम लिहून चालत नाही. कोणत्या बोर्ड गेमसाठी, किती नग, एकट्यानं वापरता येतात का, हे पुरवठादाराकडून बिलातच लिहून घ्या. सोबत नियमपुस्तिकेच्या त्या पानाची प्रत जोडा.

मोठी ऑर्डर असेल आणि नंबराबद्दल खरंच शंका असेल तर सीमाशुल्काच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे आधीच विचारणा करता येते. त्याचं एक पीठ मुंबईत आहे. दहा-वीस पेट्यांसाठी कुणी या भानगडीत पडू नये.

पायरी २: बीआयएसचा शिक्का

टॅरिफच्या गोंधळात हे बाजूला पडतं, पण माल बंदरावर अडकतो तो पुष्कळदा याच कारणानं. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांनी खेळायच्या वस्तूंवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) मानक शिक्का सक्तीचा आहे, देशी असो वा परदेशी. परदेशी मालासाठी हा परवाना परदेशातल्या उत्पादकानं घ्यायचा असतो. तुम्ही इथे बसून तो मिळवू शकत नाही. म्हणजे पेटीवर "वय ८+" छापलेला सुंदर कौटुंबिक गेम ९५०४ मध्ये बसला, २० टक्के भरायची तुमची तयारी असली, तरी शिक्का नसेल तर माल सुटत नाही.

यातून छोट्या आयातदारानं घ्यायचा अर्थ सरळ आहे. खरोखर मोठ्यांसाठीचे, चौदाच्या पुढचे गेम आणा, आणि लहान मुलांचे गेम भारतात बनलेले घ्या. "वय १४+" चं स्टिकर वरून चिकटवण्याची आयडिया कुणी दिली तर तिकडे जाऊ नका. वस्तू कुणासाठी केलेली दिसते हे पाहिलं जातं. पेटीवर हसणारा ससा आणि खाली १४+ हे कोणत्याही अधिकाऱ्याला पटत नाही.

देशी मालात एक सवलत आहे आणि आपल्या भागासाठी ती मोलाची आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरानं बनवून विकलेल्या मालाला ही सक्ती लागू नाही. आपल्याकडे तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल करणारे सुतार गावोगाव आहेत, पण कारागिराचं पहचान कार्ड किती जणांकडे असतं? गेमसाठी सोंगट्या करून घेण्याआधी त्याला ते काढायला लावा, फॉर्म भरायला मदत करा. मात्र माल कुणाच्या नावानं बनतो आणि विकला जातो, हे त्या सवलतीत बसतंय का, एवढं सीएला विचारून घ्या.

पायरी ३: कागद

आयात-निर्यातीसाठी डीजीएफटीचा (केंद्राच्या परदेश व्यापार महासंचालनालयाचा) आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक लागतो. शुल्क ५०० रुपये, अर्ज घरबसल्या, आणि क्रमांक म्हणजे तुमचा पॅनच. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो साइटवर जाऊन अद्ययावत करावा लागतो, काहीही बदललेलं नसलं तरी. तो राहिला तर आयईसी निष्क्रिय होतो, आणि हे कळतं माल बंदरात असताना.

जीएसटीत कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या ठोक कराच्या योजनेत) असाल तर त्यातून बाहेर पडा. कंपोझिशनवाल्याला परराज्यात किंवा परदेशात विक्री करता येत नाही, आणि आयातीवर भरलेल्या आयजीएसटीचा (आयातीवर आणि परराज्यातल्या व्यवहारावर लागणाऱ्या जीएसटीचा) परतावाही मिळत नाही. नियमित नोंदणीत तो परतावा मिळतो. निर्यातीसाठी दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला एलयूटी (हमीपत्र) भरून ठेवा, म्हणजे आयजीएसटी न भरता माल पाठवता येतो.

बंदरातून होणाऱ्या मालाच्या व्यवहारासाठी बँकेचा एडी कोड (परदेशी व्यवहार करणाऱ्या बँकशाखेचा क्रमांक) आईसगेटवर, म्हणजे सीमाशुल्क खात्याच्या पोर्टलवर, नोंदवावा लागतो. कागद बँकेच्या शाखेतून मिळतो. तालुक्याच्या शाखेत हे काम क्वचितच येतं, म्हणून मॅनेजरसाहेबांना एक आठवडा आधी सांगून ठेवा.

कुरिअरनं माल येणार असेल तर सर्वांत महत्त्वाचं काम पार्सल निघण्याआधीचं आहे. कुरिअर कंपनीला ईमेल करून आयईसी आणि जीएसटी क्रमांक द्या आणि स्पष्ट लिहा की ही व्यापारी आयात आहे. नाहीतर पार्सल व्यक्तिगत आयातीच्या खात्यात जातं, कराचा दर वेगळा लागतो, आणि तुमच्या जीएसटी क्रमांकावर काहीच दिसत नाही. मग परतावाही नाही. एकदा बिल ऑफ एंट्री (सीमाशुल्काकडे द्यायचा आयातीचा कागद) दाखल झालं की दुरुस्तीसाठी हेलपाटे घालत बसावं लागतं.

पायरी ४: पेटी घरी पडते तेव्हा किती पडते

भारतात शुल्क नुसत्या मालाच्या किमतीवर लागत नाही. वाहतूक आणि विमा धरून होणाऱ्या किमतीवर लागतं. विम्याचा आकडा कागदावर नसेल तर मालाच्या किमतीच्या १.१२५ टक्के धरतात, वाहतुकीचा नसेल तर २० टक्के. विमानानं आलेल्या मालाचं भाडं प्रत्यक्षात कितीही असलं तरी शुल्कासाठी ते २० टक्क्यांपर्यंतच धरलं जातं. हलक्या-फुगीर पेट्यांसाठी हा नियम बराच दिलासा देतो. डॉलरचा दर बँकेचा नाही, सीमाशुल्क खात्यानं जाहीर केलेला लागतो.

आता उदाहरण. ९०० रुपयांच्या ५० पेट्या, म्हणजे ४५,००० रुपयांचा माल. वाहतूक ९,०००, विमा ५०० धरू. एकूण ५४,५००.

मूळ शुल्क २० टक्के: १०,९००. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार: १,०९०. आतापर्यंत ६६,४९०. यावर आयजीएसटी. बोर्ड गेम, पत्ते, कॅरम, बुद्धिबळ यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला, म्हणून ३,३२५.

सीमाशुल्काचं काम करणाऱ्या एजंटचं बिल, कुरिअरचं हाताळणी शुल्क आणि नागपूरहून गावापर्यंतचं भाडं मिळून ४,५०० धरा.

वहीत दोन रकाने करा: "गेले ते गेले" आणि "परत येणार". आयजीएसटी दुसऱ्या रकान्यात, बाकी सगळं पहिल्यात. मूळ शुल्क आणि अधिभार यांचा एक रुपयाही परत येत नाही. पहिल्या रकान्याची बेरीज ७०,९९०, म्हणजे पेटीमागे १,४२०. नऊशेची पेटी घरात चौदाशे वीसला पडली.

हाच माल ९५०३ मध्ये गेला असता तर? शुल्क ३८,१५०, आणि अधिभार माफ धरला तरी पेटी घरात १,९४३ ला. नंबराच्या एका अंकानं पेटीमागे पाचशेच्या वर रुपयांचा फरक पडला.

अजून एक ओळ वहीत हवी: मोडतोड. छंदी ग्राहक पेटीचा कोपरा दबलेला असला तरी पूर्ण किंमत देत नाही. पन्नासात तीन पेट्या अशा निघाल्या तर ७०,९९० ला ४७ नं भागा: १,५१०. शुल्क भरलेल्या पण न विकल्या गेलेल्या पेटीचं शुल्क उरलेल्या पेट्यांवर चढतं. टिनाखालच्या खोलीत माल ठेवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की पुठ्ठ्याचा बोर्ड वाकतो, पत्त्यांना बाक येतो. लगेच पाऊस लागतो आणि पेटीला ओल धरते. पंखा असलेली आतली खोली, जमिनीपासून वर लाकडी फळी आणि भिंतीपासून वीतभर अंतर. एवढं केलं तर त्या एका ओळीतले बरेच पैसे वाचतात.

वाहतुकीवरही शुल्क लागतं, याचा फायदाही करून घेता येतो. वरच्या उदाहरणात वाहतूक-विम्याच्या ९,५०० वर शुल्क आणि अधिभार मिळून २,०९० गेले. चंद्रपूर किंवा अकोल्यातल्या दुसऱ्या विक्रेत्याबरोबर एकत्र ऑर्डर दिली तर पेटीमागचं भाडं उतरतं आणि त्यावरचं शुल्कही. फक्त आयातदार एकाच्याच नावानं राहतो. दुसऱ्याला त्यानं जीएसटीचं बिल करून द्यायचं. मैत्रीत तोंडी वाटणी करू नका.

पायरी ५: पूर्ण गेम आणायचा की फक्त अडलेला भाग

स्वतःचा गेम काढणाऱ्यानं हा प्रश्न आधी विचारावा. पूर्ण गेम चीनमधून छापून आणला तर पेटी, पुठ्ठा, पत्ते, नियमपुस्तिका, सगळ्यावर शुल्क. यातलं बहुतेक इथे होतं. पत्ते-पेट्यांची छपाई शिवकाशीत होते, छोट्या संख्येत नागपुरातही. लाकूड तर आपल्या घरचंच. आलापल्ली-बल्लारशाच्या पट्ट्यातलं सागवान सगळ्या देशाला माहीत आहे, आणि गेमच्या सोंगट्यांना फर्निचरचे उरलेले तुकडे पुरतात. शिसव टाळा. ते लाकूड सायटिस यादीत (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारातल्या) आहे, निर्यातीत वजनाच्या मर्यादेपलीकडे परवान्याचं झंझट लागतं. सागवान त्या यादीत नाही.

आमच्याकडच्या सुताराच्या खरादीवर सोंगटी होताना एकदा बघाच. सागाची कांडी फिरते, तो पटाशी टेकवतो, सोनेरी भुगा पायावर उडतो आणि पहिल्या सोंगटीसारखी दुसरी होत नाही. गळा किंचित जाड, डोकं किंचित चपटं. मी एकदा म्हटलं, सगळ्या सारख्याच पाहिजेत. तो म्हणाला, "भाऊ, सारख्याच पायजेत तं मंग मशीनीतूनच आणा नं. हाताचं घ्याचं अन् मशीनीचं मागाचं, हे कसं जमन?" त्याचं बरोबर होतं. जिथे सगळे नग तंतोतंत सारखे लागतात, म्हणजे तोल सांभाळलेले फासे, तेवढेच बाहेरून आणावेत. जिथे हात दिसला तर किंमत वाढते ते इथे करावं. मग शुल्क पडतं ते मूठभर फाशांवर. गेमच्या खर्चात ते नावापुरतं उरतं आणि दर वाढला तरी धंदा हलत नाही.

सुट्या भागांचा जीएसटी पूर्ण गेमच्या दरानंच लागेल असं धरू नका. बिल करण्याआधी एजंटकडून त्या भागाचा नंबर आणि त्याचा दर लिहून घ्या.

पायरी ६: पैसा कधी बाहेर जातो

आपल्या भागातला पैसा हंगामानं येतो. ऑक्टोबरात सोयाबीन, नोव्हेंबरपासून कापूस. आपले ग्राहक शहरातले विद्यार्थी असले तरी त्यांच्या घरचा पैसा याच हिशोबानं फिरतो. उलट आयातीत सगळं आगाऊ जातं: ऑर्डरबरोबर मालाचे पैसे, बंदरावर शुल्क. आयजीएसटी परत येतो, पण रोख नाही. पुढच्या विक्रीच्या करातून वळता होतो. विक्रीच झाली नाही तर तो कागदावर पडून राहतो.

म्हणून दिवाळीचा माल पोळ्याच्या आसपास घरात असला पाहिजे आणि त्यासाठी उन्हाळ्यातच ऑर्डर जायला हवी. तेव्हा हात रिकामा असतो, हे मलाही ठाऊक आहे. उपाय एकच चालतो: आगाऊ नोंदणी. पेटीच्या किमतीच्या तीस-चाळीस टक्के घेऊन नोंदणी करा, म्हणजे निदान शुल्काची रक्कम ग्राहकांच्या पैशातून उभी राहते. ती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. बियाण्याला हात लागला की पेरणी चुकते, तसंच हे.

माल आल्यावर महिन्याभरात जीएसटी पोर्टलवर २बी मध्ये (वळत्या होणाऱ्या कराच्या तक्त्यात) ती आयात दिसते का बघा. दिसत नसेल तर पोर्टलवर बिल ऑफ एंट्री शोधायची सोय आहे. बंदराचा कोड, नंबर, तारीख टाकली की बहुतेक वेळा सापडते.

पायरी ७: पार्सल अमेरिकेला पाठवताना

मागच्या काळात सर्वांत जास्त हाल याच बाजूला झाले. अमेरिकेत बोर्ड गेम आणि खेळण्यांवर मूळ आयात शुल्क शून्य आहे, आणि ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल तर पूर्वी विनाकर जायचं. २०२५ मध्ये दोन्ही आधार सुटले. भारतीय मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के जादा कर लागला, २७ ऑगस्टपासून आणखी २५, म्हणजे ५०. आणि २९ ऑगस्टपासून ८०० डॉलरची सूट सगळ्याच देशांसाठी गेली. कर गोळा कसा करायचा हे स्पष्ट नसल्यानं भारतीय टपाल खात्यानं २५ ऑगस्टपासून अमेरिकेची पार्सलं घेणंच थांबवलं. १५ ऑक्टोबर २०२५ पासून ती पुन्हा सुरू झाली, पण कर बुकिंगच्या वेळीच भरायचा या अटीवर.

फेब्रुवारी २०२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं, आणीबाणीच्या कायद्याखाली असे कर लावता येत नाहीत, असा निकाल दिला. त्या खटल्यातला एक वादी शैक्षणिक खेळणी बनवणारी लर्निंग रिसोर्सेस ही कंपनी होती. लगेच दुसऱ्या कायद्याचा आधार घेऊन नवा सरसकट कर आला. तेव्हा दर पाठ करून ठेवण्यात अर्थ नाही. तुमच्या एक्सेलमध्ये किंवा वहीत दराचा एक रिकामा चौकोन ठेवा आणि बुकिंगच्या दिवशी भरा.

कर कशावर लागतो हे मात्र पाठ असू द्या. भारत वाहतूक धरून शुल्क लावतो, अमेरिका मालाच्या किमतीवर लावते आणि आंतरराष्ट्रीय वाहतूक वेगळी दाखवली असेल तर ती त्यात धरत नाही. म्हणून बिलावर गेम आणि टपाल या दोन ओळी वेगळ्या हव्यात. गेम ३,०००, टपाल १,८०० असेल तर ५० टक्के दरानं कर १,५००. "टपालासह ४,८००" अशी एकच ओळ लिहिली तर कर २,४००. दर १० टक्के असेल तेव्हा हाच कर ३०० होतो. पण कुठल्याही दराला ओळी वेगळ्या ठेवायच्याच.

किंमत कमी दाखवणं किंवा पार्सलवर "भेटवस्तू" लिहिणं हा सल्ला नातेवाईकांकडून हमखास मिळतो. विक्रीचा माल भेट म्हणून पाठवणं खोटी घोषणा ठरते, आणि पार्सल हरवलं तर भरपाई त्याच खोट्या किमतीची मिळते.

मूळ देशाबद्दलही तसंच. चीनमध्ये छापलेला गेम गावात आणून नवीन पेटीत घालून पाठवला तर तो भारतीय होत नाही. कर माल कुठे बनला यावर लागतो, कुठून निघाला यावर नाही. सागाचा पट इथला, सोंगट्या इथल्या आणि दोन फासे बाहेरचे, अशा संचात प्रत्येक भाग कुठला ते प्रामाणिकपणे लिहा.

बारा वर्षं किंवा त्याखालच्या मुलांसाठीचा गेम असेल तर अमेरिकेत मान्य प्रयोगशाळेची चाचणी आणि प्रमाणपत्र लागतं, त्यात रंगातल्या शिशाची तपासणी येते. छोट्या कारागिरासाठी हा खर्च टॅरिफपेक्षा जड आहे. म्हणून पॉलिश केलेला, मोठ्यांसाठीचा सारीपाट पाठवा. मुलांचे रंगीत बैल इथल्या तान्ह्या पोळ्यालाच विका.

पाठवायची सोय म्हणाल तर डाकघर निर्यात केंद्रं २०२२ पासून सुरू झाली आणि आता देशभर हजाराच्या वर आहेत. निर्यातीचं टपाल बिल ऑनलाइन भरता येतं, पार्सल घेऊन मुंबई गाठावी लागत नाही. जवळचं केंद्र कोणतं ते मुख्य डाकघरात विचारा, आणि पहिल्या वेळी दुपारी तीनच्या आत जा. काउंटरवरच्या माणसालाही ते काम नवीन असू शकतं.

कर कोण भरणार हा प्रश्न इथे निकाली काढा. खासगी कुरिअरमध्ये दोन पर्याय मिळतात: कर पाठवणाऱ्यानं आधी भरायचा, किंवा घेणाऱ्यानं दारात. पहिलाच घ्या. रक्कम ग्राहकाकडून ऑर्डरच्या वेळी वसूल करा आणि त्याला सांगा की दारात एक पैसाही द्यायचा नाही. पार्सल परत येण्याची वेळ सहसा येत नाही.

एकाच देशावर सगळं अवलंबून ठेवू नका. संयुक्त अरब अमिरातीशी आपला व्यापार करार १ मे २०२२ पासून, ऑस्ट्रेलियाशी २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. दुबई आणि मेलबर्नमध्ये मराठी मंडळी भरपूर आहेत, आणि गौरी-गणपतीच्या आधी सारीपाटाला तिकडून मागणी येते. सवलतीच्या दरासाठी मूळ देशाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून एकेक पार्सलपेक्षा तिथल्या एखाद्या दुकानदाराला एकगठ्ठा माल देणं बरं पडतं.

पायरी ८: ग्राहकाला काय लिहायचं

दर बदलला की भांडण होतं ते जुन्या कोटेशनवरून. कोटेशनची मुदत सात दिवसांच्या पुढे देऊ नका, आणि खाली ही ओळ छापा:

"यातला आयात कर आजच्या तारखेच्या दरानं धरला आहे. पार्सल बुक होण्याआधी दर बदलल्यास फरक, वाढ असो वा घट, बिलात वेगळ्या ओळीत दाखवला जाईल."

"वा घट" हे दोन शब्द गाळू नका आणि पाळा. दर उतरल्यावर फरकाचे दोनशे रुपये परत पाठवले की तो ग्राहक पुढच्या वेळी दर वाढला तरी घासाघीस करत नाही. दुकानातल्या जुन्या मालाला हे लागू नाही. त्या पेटीवर जुन्या दरानं शुल्क भरलेलं आहे, म्हणून तिची किंमत वहीतल्या आकड्यावरूनच ठरवा. नवा माल स्वस्त पडला तर जुना आधी काढा, त्यावर थोडी सूट द्या, आणि पेटीच्या तळाला पेन्सिलनं आयातीचा महिना टाकून ठेवा.